दारात उभं राहून, नाव घेऊन

अण्णा, हे लिहून झाल्यावर तपासायला कुणाकडे द्यायचं, हाच पहिला प्रश्न आहे. चार वर्षं माझं प्रत्येक पत्रक तुमच्या लाल पेन्सिलीखालून गेलं. मग एक गेलं नाही, आणि त्यानंतर तुम्ही पेन्सिलच खाली ठेवली. मी त्या एका पत्रकाबद्दल बोलायला बसलेय. तुम्हाला जाऊन आज नववा दिवस.

वर्तमानपत्रात तुमच्याबद्दल चार ओळी आल्या. वय, गाव, फौंड्रीत इतकी वर्षं तपासनीस, मागे पत्नी, मुलगी, जावई. सगळं बरोबर आहे आणि त्यात तुम्ही कुठेच नाही. तुम्ही असता तर त्या चार ओळींवर बोटानं टकटक केली असती आणि म्हणाला असता, "वाजत न्हाई."

तुमची-माझी गाठ पडली ती औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर, पाळी सुटताना. मी युद्धविरोधी पत्रकं वाटत होते. लोक घेत होते, चार पावलं जाऊन टाकत होते. तुम्ही घेतलं, तिथंच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं, तर त्याच्यावर तीन लाल गोल.

"पोरी, हे तूच लिवलंस?"

"हो. का?"

"तीन ठिकाणी पोकळ हाय."

मी भडकले. "तुम्ही कोण तपासणार?"

"त्येच की काम हाय माझं," तुम्ही म्हणालात, आणि मला चहाच्या गाड्यावर नेऊन तुमचं काम सांगितलंत. ओतलेला जॉब, म्हणजे साच्यातून निघालेला लोखंडी भाग, टांगायचा, लहान हातोडीनं ठोकायचा. चांगला असला तर घंटेसारखा वाजतो, आत चीर असली तर बद्द आवाज येतो. ओतताना हवा अडकली की पृष्ठभागावर भोक राहतं. काही हुशार लोक त्या भोकात लांबी भरतात, म्हणजे मोटारीचा पोचा बुजवायला गॅरेजवाले वापरतात ती पुट्टी, आणि वरून रंग मारतात. "दिसायला झ्याक. गिऱ्हाईक खूश. मशीनला बसवला की वरसात फुटतोय." मग माझं पत्रक उघडून एका ओळीवर बोट ठेवलंत. "जगातली सगळी जनता शांततेच्या बाजूनं उभी आहे. कुठं उभी हाय? मला तर न्हाई दिसली. लांबी हाय ही."

त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. तुमच्यासारखा वाचक मला त्याआधी कधी मिळाला नव्हता आणि आता मिळणार नाही, हे मी तेव्हा बोलले नाही. नंतरही बोलले नाही.

आपलं खरं भांडण लागलं ते 'देशाचं नाव धुऊन मिळेल' या पत्रकावरून. मी ते लाँड्रीच्या जाहिरातीसारखं केलं होतं. युद्ध संपलं की देश काय करतात? आधी पूल आणि विमानतळ बांधतात. मग खेळांचे सामने भरवतात. परक्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, परक्या पत्रकारांना जेवणावळी. ज्या शहरावर बॉम्ब टाकले त्याच शहराला रुग्णवाहिका भेट, तिच्यावर आपला झेंडा रंगवून. चांगल्या मोटारी, चांगले रेडिओ, चांगली चॉकलेटं विका. वीस-तीस वर्षं कळ काढा. डाग जातील, कपडा तोच राहील. मला वाटलं होतं तुम्ही हसाल. तुम्ही हसलातही, पण शेवटी एक मोठा लाल गोल काढलात आणि मला जर्मनीची गोष्ट सांगितलीत.

वीसेक वर्षांपूर्वी फौंड्रीनं तुम्हाला तिकडे महिनाभर शिकायला पाठवलं होतं. पिशवीत भडंग आणि शेंगदाण्याची चटणी. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा तुमचा नेम, आणि तिथं उन्हाळ्यात सूर्य दहा वाजेपर्यंत मावळत नाही. "जैनाला तेवढा एकच देश सोयीचा बघ," असं तुम्ही दर वेळी सांगायचा आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचा.

मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून तुम्ही खाली बघून चालायचा. तिथंही तसंच चाललात, आणि एका घराच्या दारासमोर फरशीत बसवलेले पितळेचे चौकोन तुम्हाला दिसले. तळहाताएवढे. तुम्ही खाली बसून बोटानं ते चाचपलेत, अक्षरं ठोकलेली आहेत की ओतलेली ते बघायला. प्रत्येकावर एक नाव. जन्मसाल. कधी धरून नेलं, कुठं मारलं. सोबतच्या म्हाताऱ्या इंजिनिअरनं सांगितलं की ही ज्यू माणसं महायुद्धाआधी याच घरात राहत होती. तुम्ही विचारलंत, आता कोण राहतं? तो म्हणाला, मी लहानाचा मोठा इथंच झालो. ते गेल्यावर हे घर आम्हाला मिळालं. आता भाडेकरू राहतात.

"मग तुमी काय करता?" तुम्ही विचारलंत.

"महिन्यातून एकदा येतो. पुसतो," तो म्हणाला.

"आणि काय न्हाई?"

"आणि काय करू, तुम्ही सांगा."

तुमचं म्हणणं असं की त्या देशाचं नाव मोटारींनी वर आलं नाही, त्या पुसण्यानं आलं. दारात, नाव घेऊन, काय केलं ते लिहून. माझं म्हणणं असं की ज्यांची नावं आहेत ती माणसं काही परत आली नाहीत, घर त्याच्याकडेच राहिलं, आणि तोच देश आजही तोफा विकतो. "पितळ पुसायला एक हात, तोफ विकायला दुसरा," मी म्हणाले. मला माझं वाक्य आवडलं होतं.

तुम्ही बराच वेळ गप्प बसलात. मग म्हणालात, "विकतोय की. म्हणून पुसणं खोटं का?"

ते भांडण तिथंच राहिलं. अजून तिथंच आहे. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. तुमचंही बरोबर होतं असं आता वाटतं, आणि दोन्ही एकदम कसं बरोबर असेल हे विचारायला तुम्ही नाही.

त्याच वर्षी भादव्यात, पर्युषण संपल्यावर, तुम्ही माझा जिना चढून आलात. तुमच्याकडे त्या दिवशी क्षमावणी. वर्षभरात ज्याच्याशी वाकडं वागलो त्याच्या दारात जाऊन क्षमा मागायची, आणि दोघांनी एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणायचं. मला ते सगळं फोनवरच्या संदेशांमधून माहीत होतं, कळत-नकळत काही चुकलं असल्यास क्षमस्व, खाली हात जोडलेलं चित्र. त्या संदेशांवर तुमचा भारी राग. "कळत-नकळत म्हंजे काय? नकळत असंल तर तुला ठावं न्हाई. कळत असंल तर काय ते सांग की! असल्यास म्हणं!" तुम्ही पंचवीस-तीस दारं पायी फिरायचा, आणि प्रत्येक दारात काय चुकलं ते सांगायचा. तुझ्या पोराला कामावर सगळ्यांदेखत बोललो. तुझ्या लग्नात जेवणाला नावं ठेवली. लोक अवघडून हसायचे.

माझ्या दारात तुम्ही म्हणालात, "पोरी, तू तोफेचं बोललीस तवा मी गप बसलो. ती लबाडी हुती. आज सांगतो."

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत फौंड्रीत एक ऑर्डर आली होती. लंबगोल, बुडाशी निमुळता जॉब. कामगार त्याला वांगी म्हणायचे. उखळी तोफेच्या गोळ्यांची ती रिकामी कवचं होती. तुम्ही ती ठोकून, ऐकून, एकेक पास केलीत. पेट्यांवर पाठवायचं ठिकाण लिहिलेलं नव्हतं. "मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर सांगिटलं असतं का न्हाई, कुणास ठावं. पर मी इचारलंच न्हाई. चातुर्मासात आमी वांगं खात न्हाई बघ, जीव असतोय त्यात. आन् त्याच चातुर्मासात म्या हजारांनी वांगी पास केली. एकबी पोकळ न्हवतं."

मी काय म्हणाले, आठवतंय? मी 'उत्तम क्षमा' म्हणाले. तुमच्या पद्धतीप्रमाणे, नीट, हात जोडून. तुमचा चेहरा सैल झाला. सूर्य मावळायच्या आत तुम्ही अर्धा कप दूध घेतलंत आणि गेलात.

आणि महिन्याभरात मी ते छापलं.

तुमचं नाव नव्हतं, हे मी तेव्हा शंभर वेळा सांगितलं. हातकणंगल्याकडचे एक निवृत्त जैन तपासनीस, एवढंच होतं. हातकणंगल्याकडे असे निवृत्त जैन तपासनीस किती आहेत, हे मला माहीत नव्हतं का? आणि शेवटची ओळ, ठळक अक्षरांत: 'चातुर्मासात वांग्याला न शिवणाऱ्या हातांनी हजारो वांगी पास केली.' ते पत्रक माझ्या आजवरच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त गाजलं. लोकांनी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. मला अनोळखी लोकांचे फोन आले. मी दोन दिवस हवेत होते.

तुम्ही फोन केला नाहीत. तुमच्या गावातून मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. मंदिरात अभिषेकाला कुणीतरी मागून विचारलं, "अण्णा, आज भाजी कशाची?" फौंड्रीतले जुने सोबती चहाच्या गाड्यावर तुमच्यापासून बाक लांब सरकवून बसायला लागले. तुम्ही मंदिराच्या समितीतून नाव काढून घेतलंत. तेव्हाही मी काय म्हणत होते? म्हणत होते की सत्य बोचतंच. म्हणत होते की ही वैयक्तिक बाब नाही, व्यवस्थेचा प्रश्न आहे. लांबी, अण्णा. किलोवारी लांबी.

गेल्या भादव्यात तुम्ही पुन्हा आलात. मला वाटलंच नव्हतं. मधल्या दहा-अकरा महिन्यांत आपण एक शब्द बोललो नव्हतो. जिना चढून धाप लागली होती. टोपी काढून हातात घेतलीत आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणालात, "वरीसभर तुझ्याशी बोललो न्हाई. रस्त्यात दिसलीस तवा तोंड फिरवलं, दोनदा. रंकाळ्यावर आन् यष्टी स्टँडवर. त्याची क्षमा मागतो."

आणि मी म्हणाले, "अण्णा, मी जे छापलं ते खरं होतं."

"व्हय. खरंच हुतं. मी कुठं खोटं म्हणतोय?"

मग तुम्ही थांबलात. जॉब ठोकल्यावर हातोडी खाली घेऊन आवाज पुरा विरेपर्यंत थांबायची तुमची सवय होती ना, तसे. मी दाराला धरून उभी होते. मला कळत होतं तुम्ही कशासाठी थांबलाय. तोंडात शब्द होता. पण मला वाटलं, हा शब्द बोलले तर पत्रक चूक ठरेल, चळवळ चूक ठरेल, उद्या कुणीही शस्त्रवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणेल, बघा, हिनंच माफी मागितली. ज्या देशांना मी दर महिन्याला खडसावत होते, त्यांचे परराष्ट्रमंत्रीही असंच काहीतरी मनात म्हणत असतील. मी म्हणाले, "आत या की. दूध घेणार?"

"नगं. दिवस कलला," तुम्ही म्हणालात. टोपी घातलीत. जिन्यावर प्रत्येक पायरी बघून पाय टाकत उतरलात.

दिवस कललेला नव्हता, अण्णा. चांगलं ऊन होतं.

परवा मी तुमच्या गावाला गेले. जोतिबाची चैत्र यात्रा करून परतणाऱ्या गाड्यांनी रस्ता गुलाबी झाला होता, एसटीच्या खिडकीतून माझ्याही अंगावर गुलाल आला. असं रंगून सुतकाच्या घरी कसं जायचं म्हणून मी स्टँडवरच्या नळाला तोंड धुतलं. केसातला काही निघाला नाही.

तुमच्या ओसरीवर काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी पायरीखाली उभी राहिले. येताना सगळं पाठ केलं होतं. पत्रकवाल्या माणसाला भाषण जमतं. तिथं त्यातलं काही आठवलं नाही. जे सुचलं ते सांगितलं, आणि तेच आता तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हाला सांगायचं होतं.

तुम्ही माझ्या दारात उभं राहून, मला एकटीला म्हणून, क्षमा मागायला जे बोललात, ते मी तुम्हाला न विचारता छापलं. मी आधी 'उत्तम क्षमा' म्हणाले आणि मग छापलं. सत्य लोकांपर्यंत पोचावं म्हणून छापलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. कवचं कुठं तयार होतात ते तुमच्याशिवायही लिहिता आलं असतं. त्याचा मसुदा आधीपासून तयार होता. त्याला शेवटची ओळ नव्हती. तुमचं वांग्याचं वाक्य ऐकलं तेव्हाच, हात जोडलेले असतानाच, मला वाटलं होतं, ही शेवटची ओळ. म्हणून तो मसुदा मी तुमच्या लाल पेन्सिलीकडे पाठवला नाही. तुम्ही ती ओळ काढली असती.

हे मी बोलले. काकू शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यास्नी सांगायचं हुतंस."

"हो."

"मला सांगून काय? त्यांच्या वतीनं मी कसं म्हणू क्षमा? मला काय त्यांनी लिवून दिलंय?"

मला तुमचा तो इंजिनिअर आठवला, पितळ पुसणारा. ज्यांनी बरं म्हणायचं तेच नाहीत, आणि हा फडकं घेऊन दर महिन्याला येतोय. मी त्याला हसले होते.

"आन् माझं?" काकू म्हणाल्या.

"तुमचं काय, काकू?"

"बघ. इचारलंस तरी का तू? माझं येगळं हाय. ते तुझ्या ध्यानातबी न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. पत्रक निघाल्यावर पहिल्याच बाजारात भाजीवाली म्हणाली, काकू, वांगी देऊ का, चांगली वाजवून देते. शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून काकू बाजाराला गेल्या नाहीत. दीड वर्ष. भाजी जावई आणून देतो. मंदिरात सणाचा स्वयंपाक त्यांच्या हाताखाली व्हायचा, तिथं जाणं सोडलं. चौघीजणी रोज दुपारी जमायच्या, त्या जमेनाशा झाल्या. "ती वांगी कुठं जाऊन पडली, कुणाची पोरं मेली, एकानं तरी इचारलं का? न्हाई. तुझं पत्रक वाचून एकबी माणूस फौंड्रीच्या दारात गेला न्हाई. वांगी तेवढी ध्यानात ऱ्हायली. ती आमच्या दारात."

अण्णा, माझ्या कामावर इतका खरा लाल गोल कुणी काढला नव्हता. तुम्हीसुद्धा नाही. आणि मला त्याच्यावर काहीही करता येत नाही. पत्रक परत घेता येत नाही. काकूंच्या बाजारात उभं राहून मी काय ओरडू? दुसरं पत्रक काढू? लोक ती ओळच पुन्हा वाचतील. एखाद्या देशाचं नाव कसं वर येतं यावर मी तुमच्याशी किती तावातावानं भांडले. इथं एका बाईचं नाव एका बाजारात परत कसं न्यायचं, तेवढंही मला येत नाही.

मी म्हणाले, "काकू, तुमचीही मागते." आणि बाजार, भाजीवाली, मंदिराचा स्वयंपाक, चौघीजणी, त्यांनी सांगितलं ते सगळं एकेक करून परत म्हटलं. 'असल्यास' म्हटलं नाही.

काकूंनी सुपातली टरफलं पाखडली. उडून थोडी माझ्या पायावर आली. मग म्हणाल्या, "आज न्हाई. आज तोंडातनं येत न्हाई माझ्या. आलं तर ते खोटं यील."

"बरं."

"भादव्यात ये. त्या दिवशी. बघू."

मी हो म्हणाले आणि निघाले. एसटीला वेळ होता म्हणून स्टँडपर्यंत चालत गेले. तुमची गल्ली, तुमचा रोजचा रस्ता. गुलाल पडला होता आणि त्यातून मुंग्यांची रांग चालली होती, मी थांबले, वळसा घेतला.

भादव्याला अजून पाच महिने आहेत. मी जाणार आहे. पायरीखाली उभी राहून तेच सगळं पुन्हा म्हणणार आहे, दर वर्षी म्हणावं लागलं तरी. काकू काय म्हणतील ते मला माहीत नाही. तुम्ही काय म्हणाला असता ते माहीत आहे, टोपी हातात घेऊन तुम्ही तेच म्हणायला माझ्या उंबऱ्याबाहेर थांबला होता, आणि मी तुम्हाला दूध विचारलं.